आलूबोंडा पंधरा रुपये, आकार जुनाच

विष्णुपुरीला कॉलेजच्या रस्त्यावर आमचा आलूबोंड्याचा गाळा आहे. तेल चढलं, बेसन चढलं, गॅसचं तर विचारूच नका. पण भाव वाढवायची आमच्या ह्यांची छाती होईना. "पोरं निघून जातील," एवढंच म्हणायचे. मग भाव ठेवला दहाच, आणि बोंडा लहान करत गेले. दर पंधरवड्याला थोडा थोडा. शेवटी एका पोरानं तो दोन बोटांत धरला आणि म्हणाला, "काकू, बोंडा लहान झाला का मी मोठा झालो?" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून ह्यांचं धंद्यातून मनच उडालं. "बाजाराचा नेम न्हाई. मोठेमोठे हात आखडून राहिलेत, आपणच लई शहाणे का? गाळा भाड्यानं देऊन टाकू." लातूरच्या माझ्या भावानं लगेच तिथलाच एक मोबाइलवाला शोधला. शुक्रवारी बारा वाजता तो इसाराचं पाकीट घेऊन येणार, असं ठरलं. इसार घेतला की आमची कढई कायमची उतरली. असा संताप झाला माझा! पंधरा वर्षं त्या कढईपुढं मी भाजले, आणि सौदा माझा भाऊ ठरवणार?

शुक्रवारी सकाळी मी पाटी पुसली आणि खडूनं लिहिलं : आलूबोंडा पंधरा रुपये, आकार जुनाच. ह्यांनी वाचून कपाळावर हात मारला.

"अगं, येड लागलं का तुला?"

"लागलं! बाराच्या आत भवानी झाली तर दुकान आपलं. न्हाई झाली तर घ्या खुशाल इसार."

ते बटाटे सोलायला बसले.

दहा वाजले. अकरा वाजले. पोरं यायची, पाटी वाचायची आणि गाडीला किक मारायची. माझं काळीज असं धडधडत होतं, दहावीच्या निकालालाही तेवढं धडधडलं नव्हतं! पावणेबाराला रिक्षातून एक घामाघूम गृहस्थ उतरले. पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. "लातूरहून उपाशीच निघालोय. दोन द्या, गरम." दोन संपवले, तिसरा घेतला. "घरी न्यायला सहा बांधा." पैसे दिले, आणि मग खिशातून पाकीट काढलं. "गाळ्याचे मालक तुम्हीच ना?"

अगं बाई! भवानी केली ती मोबाइलवाल्यानंच! मला हसू आवरेना. त्यांना मिटक्या मारताना बघून पलीकडची पोरंही येऊन भिडली. तो मला टोमणा मारणारा सगळ्यांत पुढं. बोंडा त्याच्या मुठीत मावेना. "काकू, आता मी लहान झालो!"

पाहुणे पाकीट पुढं धरून उभेच. मी ह्यांच्याकडे बघत राहिले. ह्यांनी बेसनानं बरबटलेले दोन्ही हात वर करून दाखवले.

"पाकीट राहू द्या, पाहुणं. हात रिकामे न्हाईत. चटणी देऊ अजून?"