मापात राहावं म्हणून

माधवराव गेल्याची तार आली तेव्हा मी भोरच्या माझ्या कारखान्यात लेथवर बैलगाडीच्या चाकाचं, आसावर बसणारं बुश कातत होतो. तार वाचली आणि आधी आला तो रागच. हा माणूस आता माझ्याशी भांडायला कधीच येणार नाही…

माधवराव म्हणजे माझ्या बायकोचे, कमलचे थोरले भाऊ. पुण्याजवळच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात ते उत्पादन विभागाचे वरिष्ठ इंजिनिअर होते. संस्थान विलीन झालं, दरबारची कामं आटली, तेव्हा त्यांनीच सुचवलं होतं, "वसंतराव, तोफगोळ्याच्या टोकाच्या पितळी टोप्या आम्हाला बाहेरून करून घ्यायच्यात. नमुन्याची खेप पाठवा. पास झाली तर कायमचं काम." माझा कारखाना वाढणार की जन्मभर डागडुजी करत बसणार, ते त्या एका खेपेवर ठरणार होतं.

हिर्डोशीचा धोंडिबा माझा टर्नर. त्यानं जीव ओतून टोप्या कातल्या. "मालक, म्या सोता मापलंय. बरूबर हाय," असं तो येताजाता सांगायचा. पेटी भरायच्या आदल्या दिवशी कमलनं त्या पाहिल्या. भावाच्या दारी आपल्या घरचं पितळ असं काळपट जायचं? तिनं चिंच आणि विटकरीची भुकटी घेतली आणि सणाची भांडी घासावीत तशा सगळ्या टोप्या घासून काढल्या. "वैनी, लई झाक दिसत्यात," धोंडिबा म्हणाला. पेटी रवाना झाली.

माधवरावांच्या तपासणीला दोन पोलादी कडी असत. टोपी पहिल्या कड्यातून जायला हवी आणि किंचित लहान अशा दुसऱ्यात अडायला हवी. आमच्या टोप्या दोन्हींतून गेल्या. घासताना त्या केसभराहूनही कमीच झिजल्या असतील, पण झिजल्या. प्रत्येक टोपीवर तांबडा ठिपका लावून पेटी परत आली.

मी पुणं गाठलं. चूक कळली आहे, दुसरी खेप देतो, म्हटलं. तर म्हणाले, "नमुना नापास झाला की तो कारखाना बाद." आणि हा नियम केलेला कुणी? त्यांनीच.

"अहो, तुमच्या बहिणीनं तुमच्या मायेपोटी घासल्या…"

"वसंतराव, तोफेमागच्या जवानाला मी कुणाचा भाऊ, ते माहीत नसतं."

वर आग्रह करकरून चहा पाजला. त्या चहाचाही मला संताप आला.

त्या वर्षी भाऊबीजेला ते नेहमीसारखे आले, जणू काही झालंच नाही. कमलनं काळपट तबकातून ओवाळलं.

"तबक घासायचं राहिलं वाटतं," माधवराव म्हणाले.

"मापात राहावं म्हणून नाही घासलं, दादा," कमल म्हणाली.

ते मान खाली घालून जेवले. पुढं दर भाऊबीजेला ते आले आणि दर भाऊबीजेला तबक तसंच काळं राहिलं. दोघंही हट्टी. मधल्या मध्ये माझं सँडविच… नव्हे, माझी चटणी झाली आणि कारखान्यात बैलगाड्यांची रीघ तेवढी लागली.

परवा त्यांच्या घरून त्यांची स्वतःची, हातानं बनवलेली दोन कडी आमच्याकडे आली. कुणी बघत नाही असं पाहून मी तांबड्या ठिपक्याची एक टोपी काढली आणि दुसऱ्या कड्यात धरली. एकदा तरी अडावी, निदान आता तरी… टोपी सरळ तळहातावर पडली. ते बरोबरच होते, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

मोरीतून घासल्याचा आवाज येत होता. भाऊबीज तोंडावर आली आहे. आत जाऊन पाहिलं तर कमल चिंच आणि भुकटी घेऊन ते तबक घासत बसली होती.