अण्णांचं कडक पत्र

शेजारचे अण्णा सकाळीच वही आणि शब्दकोश घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसले. चाळीस वर्षांचा मित्र वसंता सोसायटीच्या सभेत सगळ्यांदेखत त्यांना हेकट म्हणाला होता. आता त्याच्याशी संबंध तोडायचे होते, तेही इंग्रजीतून.

"'हेट' पोरकट वाटतं रे. 'कंटेम्प्ट' कसं आहे? आणि त्याच्यापुढे 'फॉर' येतं की 'टू'?"

"फॉर. पण अण्णा, मराठीत का नाही लिहीत?"

"मराठीत आधी 'सप्रेम नमस्कार' घालावा लागतो. तिथेच निम्मा राग जातो."

मला पटलं. परक्या भाषेतला तिरस्कार इस्त्रीच्या कोटासारखा असतो. अंगात घातला की माणूस रुबाबात ताठ उभा राहतो, पण त्याला नीट बसता येत नाही.

तासाभराने त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. एकेक शब्द धारदार होता, 'फॉर' आणि 'टू' जागच्या जागी होते. फक्त शेवटी, सहीच्या वर, हात सवयीने मराठीत लिहून गेला होता : "गुडघा जप. लोभ असावा."

मी त्यावर बोट ठेवलं. अण्णांनी बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं, आणि मग वरचं सगळं इंग्रजी खोडलं.