आरशातला तीळ

पेंटरकाकांची एक खोड होती. चित्र पुरं झालं की त्याच्याकडे पाठ करून ते भिंतीवरच्या आरशातून बघायचे. उलटं दिसलं की चुका आपसूक डोळ्यांत भरतात, असं त्यांचं म्हणणं. मग स्वतःचीच हजेरी घ्यायचे, "गाढवा, हा हात आहे की लाटणं?"

तेवढ्यात बायको चित्राशेजारी येऊन उभी राहायची. "कसं झालंय?" काका आरशातूनच विचारायचे. "ठीक आहे," एवढंच ती म्हणायची. पण आरशात तिचा चेहरा पडलेला दिसला, की काका चित्र पुन्हा हाती घ्यायचे. मागे वळून मात्र कधी बघायचे नाहीत. एरवी जेवतानासुद्धा त्यांचं लक्ष पुढच्या चित्रात अडकलेलं असायचं.

ती गेल्यावर काकांनी तिचं चित्र काढलं. फोटो समोर ठेवला नाही. म्हणाले, "तिचा चेहरा तोंडपाठ आहे मला."

लेक बघायला आली. चित्र न्याहाळून हळूच म्हणाली, "बाबा, आईचा तीळ डाव्या गालावर होता. तुम्ही उजव्या गालावर काढलाय."

"मला शिकवतेस? अख्खा जन्म बघितलंय तिला." काका तणतणत उठले आणि सवयीने चित्राकडे पाठ करून आरशासमोर उभे राहिले. आरशात तीळ पलीकडच्या गालावर गेला.

"आता कशी अगदी आई दिसतेय," मागून लेक म्हणाली.

काका बघत राहिले. आरशातली बाई काही केल्या त्यांना ओळखू येईना.