चढावर न रडणारी जीप

ती जीप आजही माझ्या कानात वाजते. लोकांना वाटतात तेवढे गोळीबार मी नोकरीत ऐकले नाहीत, पण एका जुन्या फोर-व्हील जीपनं मला भर वर्दीत, दहा-बारा गावकऱ्यांच्या देखत, जमिनीवर उताणं झोपवलं.

मी तेव्हा धाराशिव जिल्ह्यात, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मुरुमच्या बाजारातून एका दूधवाल्याचा पिकअप भर सकाळी चोरीला गेला. कॅन उतरवून दूधवाला दुकानात गेला, परत येतो तर रस्ता मोकळा. गुन्हा दाखल केला, नाकाबंदी केली, हद्दीपलीकडच्या ठाण्यांना बिनतारी संदेश धाडले. दोन महिने काही हाती लागलं नाही. दूधवाला रोज येऊन ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर नुसता उभा राहायचा. गाडी नाही म्हणून दूध उशिरा पोचत होतं, नासत होतं, आणि गिऱ्हाईक एकेक करून तुटत होतं.

एके दिवशी एक मेंढपाळ आला. काठी दाराशी टेकवून खालीच बसला.

"सायेब, आमच्या गावच्या बागायतदाराची जुनी जीप हाय न्हवं, ती चढाला रडायची. आता रडत न्हाय."

"दुरुस्त केली असेल."

"दुरुस्त केल्यावर म्हातारी तरणी हुती व्हय?"

हवालदार खो खो हसला. मी हसलो नाही. ज्याला अख्ख्या कळपात आपलं कोकरू आवाजावरून कळतं, त्याच्या कानावर विश्वास ठेवायला माझी हरकत नव्हती.

बागायतदार मोठा ऐसपैस माणूस. "साहेब, काळ्या रानात ट्रॉली रुतती. जुनं इंजिन दमलं, म्हणून मोठं टाकलं. स्क्रॅपचा माल, पावती हाय." पावती होती, पण पावतीवरचं दुकान त्या पत्त्यावर नव्हतं. आरसी बुकात अजून जुन्याच इंजिनाचा नंबर होता. नव्या इंजिनावरचा नंबर ग्राइंडरनं घासून दुसरा ठोकलेला, अंक शाळकरी पोरानं काढल्यासारखे वाकडे. जीप जप्त केली. अडचण एवढीच, की घासणाऱ्यानं फार खोल घासलं होतं. मूळ नंबर उमटेल याची प्रयोगशाळेलाही खात्री नव्हती. इंजिन चोरीचं असावं, हे दिसत होतं. ते दूधवाल्याचंच आहे, हे सांगणार कोण?

एकच माणूस सांगू शकला असता. मुरुमचा एक म्हातारा मिस्त्री. वर्षभरापूर्वी दूधवाल्याच्या इंजिनाचं काम त्यानंच केलं होतं, आणि जीपमध्ये हे इंजिनही त्यानंच बसवलं होतं. त्याला बोलावून घेतलं.

"म्या बंद इंजिन बसवलं, सायेब. आलं तसं. आत बघितलं न्हाय."

तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच शब्द, त्याच क्रमानं. खरं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो. त्याला मधेच काहीतरी आठवतं. पाठ केलेल्याला काही आठवत नाही. पण एवढ्यावर कुणाला खोटं ठरवता येत नाही.

मग मी ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या त्या जीपखाली शिरलो. खरं सांगायचं तर काय शोधायचं ते मला माहीत नव्हतं. शेजारी आमचा चालक शिपाई येऊन झोपला. इंजिनाच्या तळाला तेलाचं जे भांडं असतं, ज्याला सगळे मिस्त्री चेंबर म्हणतात, त्याच्यावर त्यानं बॅटरीचा उजेड मारला.

"सर, हे कापून वेल्ड केलंय."

"का?"

"ही फोर-व्हील हाय ना. पुढच्या चाकांना पण ताकद जाती, तिचा धुरा इथनं खालनं जातो. पिकअपचं चेंबर त्याला अडतंय. कापल्याबिगर इंजिन बसतच न्हाय."

मी इतक्या घाईनं उठलो, की कपाळ जीपच्या लोखंडावर आपटलं. बघायला जमलेली गावची मंडळी मनापासून हसली. मीही हसलो, कारण मला जे हवं होतं ते सापडलं होतं.

मिस्त्रीला परत समोर बसवलं. कपाळावर टेंगूळ घेऊनच विचारलं, "चेंबर तुम्ही कापलं?"

"व्हय."

"तेलानं भरलेलं, इंजिनाला लावलेलं असतानाच वेल्ड मारला, की काढून आत बघितलं?"

चहा आला. त्यानं कप बाजूला सारला. मग म्हणाला, "उघडा सायेब. आत प्रत्येक बेअरिंगच्या कॅपवर, म्हंजी झाकणावर, माझं ठिपकं हायत. एकाला एक, दोनाला दोन. अदलाबदल हू नये म्हून आमी पंचानं, टोकदार खिळ्यानं, मारतो. दूधवाल्याच्या इंजिनात तीन नंबरच्या कॅपवर चार पडलं. एक छिन्नीनं खोडलाय. चूक माझीच."

पंच साक्षीदार बोलावून त्यांच्यासमोर हे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले आणि मगच चेंबर उघडलं. तिसऱ्या कॅपवर चार ठिपके, त्यातल्या चौथ्या ठिपक्यावर छिन्नीचा आडवा घाव.

"म्हणजे बसवतानाच तुम्हाला कळलं होतं. इतके दिवस गप्प का?"

"ती जीप माझ्या व्याह्याची हाय, सायेब."

अख्ख्या तालुक्याच्या उखाळ्यापाखाळ्या मला माहीत असायच्या. एवढी साधी सोयरीक मी विचारली नव्हती.

"पाव्हणं म्हणालं, चार दिसांत बसवून द्या. पोरीकडचा माणूस न्हाय कसं म्हणंल? चेंबर काढलं, ठिपकं दिसलं. तसाच बाहेर यून बसलो. बोलावं तर पोरीचं काय हुईल?"

व्याह्याला अटक झाली. लेखी जबाबाआधी मिस्त्रीनं एकच मागितलं: पोरीला हे आपल्याच तोंडून कळावं. नियमात बसत नव्हतं, पण मी स्वतः त्याला घेऊन गेलो.

पोरगी ओसरीवर तूर पाखडत होती. घरातलं सगळं तिच्या कानावर आलेलं. सूप खाली ठेवून तिनं विचारलं, "आबा, तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"दूधवाल्या काकांचं इंजिन?"

"व्हय, बाय."

"मग सांगा की खरं. माझ्या तोंडाकडं काय बघताय?" आणि तो उठताना म्हणाली, "मला न्यायला येऊ नका. मी हितंच ऱ्हाणार. मामंजी नसताना आत्याबाई एकट्या पडत्याल."

पुढचं पोलिसी काम सोपं होतं. बागायतदारानं दलालाचं नाव दिलं, दलालानं हद्दीपलीकडची शेड दाखवली. तिथं पिकअपचे तुकडे मिळाले. कोर्टाच्या आदेशानं इंजिन सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळण्याच्या लेखी हमीवर, दूधवाल्याच्या ताब्यात गेलं. मिस्त्रीला आरोपी का केलं नाही, असं वरिष्ठांनी विचारलं. मी लेखी उत्तर दिलं. ते त्यांना फारसं पटलं नाही.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टात होतो. पोरगी जामिनावर सुटलेल्या सासऱ्याबरोबर आली, त्याची पिशवी घेऊन त्याच्याच बाकावर बसली. बाप साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, सासऱ्याविरुद्ध सगळं बोलला. मग खाली उतरून दाराकडे निघाला. ती उठली, पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली, तो पाणी पिईपर्यंत थांबली, आणि परत जाऊन सासऱ्याशेजारी बसली. सासरा दुसरीकडे बघत होता, पण त्यानं तिला बसायला जागा करून दिली.

त्या दिवसापासून जबाब घेताना नाव, वय, धंदा, राहणार कुठं, एवढं सरकारी कागदावर लिहून झालं, की मी पेन खाली ठेवून आणखी एक प्रश्न विचारायचो: मुलगी कुठं दिली?