ह्यांच्या पुढे चालताना

"ताप उतरला, बाई. आता जे दुखणं आहे ते तुम्ही लावलेलं आहे."

सेलूच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर हे बोलले तेव्हा ह्यांची पोटरी त्यांच्या हातात होती, आणि ती मुठीत मावत होती. तेव्हा निजामाचं राज्य. डॉक्टर हैदराबादेहून बदलून आलेले, बोलायचे मोजकं आणि तोंडावर.

ह्यांना टायफॉईड झाला होता, म्हणजे विषमज्वर. ताप गेल्यावरही महिनाभर मी ह्यांना बाजेवरून उतरू दिलं नाही. जेवण अंथरुणात, तोंड धुणं परातीत. शेजारणी म्हणायच्या, काय सेवा करते बाई. मला ते ऐकून बरं वाटायचं. त्याच सेवेनं ह्यांचे पाय वाळले हे कळल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ह्याला अ‍ॅट्रॉफी म्हणतात. पाय वापरले नाहीत की त्यांचं मांस झडतं," डॉक्टर म्हणाले. "असेच पडून राहिले तर छातीत कफ साचेल. येता हिवाळा निघणं कठीण आहे."

औषध एकच, चालणं. तेही रमतगमत नाही. चालताना बोलता यावं, पण भजन म्हणता येऊ नये. म्हणता आलं तर चाल ढिली आहे असं समजायचं.

आमचं घर शिवभक्तांचं. ह्यांच्या ओठांवर भजन कायम. ते बंद पडेल इतकं ह्यांना दामटायचं, हे मला पापच वाटलं.

संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्यानं निघायचो. रीतीप्रमाणे हे पुढे, मी मागे. हे थांबले की मी थांबायची, हे रस्त्याकडेच्या लिंबाखाली टेकले की मीही टेकायची. भजन निवांत चालायचं. पंधरवड्यानं डॉक्टरांनी ह्यांना व्हरांड्यात चालवून पाहिलं. काहीच फरक नव्हता.

"सोबत कोण असतं?"

"मीच. मागून."

"मग पुढं व्हा. तुम्ही चालाल तसे ते चालतील. एका लिंबापासून दुसऱ्यापर्यंत जोरात, तिथून तिसऱ्यापर्यंत सावकाश. रोज थोडं वाढवा. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर थांबा."

नवऱ्याच्या पुढे? मी पदर ओढला आणि त्या संध्याकाळी पुढे झाले.

पहिल्याच दिवशी पेंडीच्या दुकानाशी बसलेली माणसं हसली. घरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वाट बघत होत्या. "दावं लावून वढल्यावाणी न्यायलीस माझ्या लेकाला. लाज कशी वाटंना तुला?"

लाज वाटत होती की. पण हिवाळ्याची भीती जास्त होती.

मागून ह्यांचा आवाज यायचा. "अगं, जरा दमानं. लय धाप लागायलीय."

"छातीत दुखायलंय का? चक्कर?"

"न्हाई."

"मग या."

माझाच आवाज मला नकोसा व्हायचा. ज्यांना कधी उलट बोलले नव्हते त्यांना मी हाकत होते. घरी आल्यावर पाय चेपताना डोळे भरायचे. हे म्हणायचे, "आधी पळवतीस, मग चेपतीस. काहीतरी एक कर की."

हळूहळू पोटरी भरू लागली. मग एक गंमत झाली. ज्या चालीला ह्यांना धाप लागायची, त्याच चालीत मागून पुन्हा भजन ऐकू यायला लागलं. म्हणून मी आणखी जोरात चालू लागले. तोवर माझाही पाय चांगला उचलत होता. पुढचा रस्ता मोकळा दिसतो, वारा तोंडावर लागतो, हे मला आवडू लागलं होतं. तेही मनाला खायचंच.

जिनिंगपाशी, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यापाशी, कापसाच्या गाड्या लागल्या तेव्हाची गोष्ट. हे माझ्या बाजूनं आले आणि पुढे निघून गेले. मागं वळून न बघता, थेट रेल्वेच्या फाटकापर्यंत. आता ह्यांचा हिवाळा निघणार होता. तिथल्या तिथे शंकराला हात जोडावेत, तर मला हरल्यासारखं वाटलं. ह्यांना गाठायला मी पाऊल उचललंसुद्धा. मग भानावर आले आणि रीतीप्रमाणे मागून चालत गेले.

डॉक्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्या घरी कुणी असं अंथरुणाला लागलं तर ताप गेल्यावर डॉक्टरांना विचारून त्याला उठवा. गरज पडली तर पुढे चाला, लोक हसले तर हसू द्या. आणि तो माणूस एक दिवस तुम्हाला मागे टाकून जाईल तेव्हा आनंदाबरोबर पोटात थोडं तुटेल. माझं तुटलं होतं. हे मी ह्यांनाही कधी सांगितलं नाही.