कोपरच्या सर्व्हर रूममधला रविवार

माझी पेटी डिकीत टाकायला कंडक्टर तयार होता, मी नव्हते. "मावशी, सोनं आहे का काय?" त्याने विचारलं. सोनं असतं तर डिकीत टाकलं असतं, त्याला धक्का लागत नाही. पेटीत स्पंजमध्ये रुतवलेला एक कंट्रोलर आणि दोन डिस्क होत्या. शेवटी पेटी माझ्या मांडीवर आली आणि नाशिकहून ठाण्यापर्यंत तिथेच राहिली. कसारा घाटात उन्हं वर आली, तसा मार्गशीर्षातला गारठा संपला. शहापूरला मी स्वेटर काढला आणि तो पेटीखाली घातला.

कामाचं आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मोठ्या ऑफिसांची माहिती टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये राहत नाही. मागच्या एखाद्या थंड खोलीत लोखंडी कपाट असतं, त्यात ओळीने डिस्क खोचलेल्या असतात, आणि सगळं तिथे साठतं. त्याला स्टोरेज म्हणतात. या कपाटांची सॉफ्टवेअर जुनी होतात, भाग थकतात. ते वेळेवर बदलले नाहीत तर एक दिवस कपाट उघडतच नाही. ते बदलायला मी गावोगाव जाते. ऑफिस बंद असताना हे काम बरं पडतं, त्यामुळे शनिवार-रविवार मी दुसऱ्यांच्या बंद ऑफिसांत असते. घरी वाट पाहणारं कोणी नाही, म्हणून ही कामं माझ्याकडेच येतात. तक्रार नाही, सोय आहे.

ठाण्यात खोपटला उतरले आणि डेपोजवळच्या नेहमीच्या लॉजवर गेले.

"सोबत कोण, मॅडम?" मॅनेजरने विचारलं.

"ही पेटी."

"सिंगल लेडीजला रूम नाय देत आपण."

"पावसाळ्यात दिलेली की."

"तेव्हा मालक गावाला गेलेला."

"मग आत्ताही गेलाय असं समजा."

तो हसला, आधार कार्ड दोनदा उलटसुलट पाहिलं आणि जिन्यालगतची खोली दिली. खिडकीतून डेपो दिसत होता. गाड्यांच्या घोषणा आत येत होत्या. कोणत्या गावाची गाडी कुठल्या फलाटावर लागली हे मला न विचारता कळत होतं, त्यामुळे टीव्ही लावावा लागला नाही.

शनिवारचं काम कोलशेतला होतं, एका औषध कंपनीच्या गोदामात. वॉचमनने वहीत सही घेतली, दार उघडून दिलं आणि तो बाहेर उन्हात जाऊन बसला. या यंत्रांत कंट्रोलर, म्हणजे सगळ्या डिस्क चालवणारे मेंदू, दोन असतात. एकाला बाजूला घेऊन नवं सॉफ्टवेअर चढवायचं, तोवर दुसरा भार सांभाळतो. मग उलट. मधल्या वेळात पडद्यावरची पट्टी पुढे सरकताना बघत बसायचं. काही झालं नाही, आणि काही होऊ नये यासाठीच मला बोलावलेलं असतं. संध्याकाळी फोनवर तिथल्या साहेबांना सांगितलं, "झालं." ते म्हणाले, "काय झालं?" मी येणार आहे हेच ते विसरले होते.

दुपारी जेवायला गावठाणात गेले होते. खाडीच्या बाजूला नव्या टॉवरांच्या सावलीत एका आगरी बाईंची खानावळ आहे, चार बाकांची. तांदळाची भाकरी आणि जवला (वाळवलेली बारीक कोळंबी) कांद्यात परतलेला. जवला खाडीतला का, म्हणून मी विचारलं.

"खाडीन मासली नाय ऱ्हायली गो, बिल्डिंगी ऱ्हायल्या," त्या म्हणाल्या. मग माझ्या समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघून, "एकलीच हायेस?"

"कामाला आलेय."

"कामाला आलीस तरी जेवाला कोन तरी लागते," असं म्हणून त्यांनी न विचारता आणखी एक भाकरी टाकली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. भाकरी मी संपवली. जवला झणझणीत होता, डोळ्यांतून पाणी आलं ते त्याचं.

रविवारी सकाळी डोंबिवली. पूर्वी शिळफाट्यावरून वळसा घालून यावं लागायचं. आता माणकोलीहून खाडीवर पूल झालाय. पुलावरून खाली पाणी करडं, काठाला तिवरं, आणि पलीकडे डोंबिवली पश्चिमेच्या इमारती इतक्या खेटून उभ्या, जणू कोणीतरी फोटो काढणार आहे. टॅक्सीचा ड्रायव्हर बोलका होता. "मॅडम, या पुलाने माझा अर्धा तास वाचतो."

"वाचलेल्या वेळात काय करता?"

"अजून एक भाडं मारतो," तो म्हणाला, आणि दोघंही हसलो. मग त्याने मला कोपर स्टेशनच्या पूर्वेला नेऊन सोडलं. मला पश्चिम हवी होती. पेटी उचलून स्टेशनचा पूल मी पायी ओलांडला आणि त्याच्या वाचलेल्या अर्ध्या तासाला मनात काय ते म्हणाले.

स्कॅन सेंटर एका इमारतीच्या तळमजल्यावर होतं. रविवारी बंद. पायरीवर किल्ल्या घेऊन एक तिशीची मुलगी बसली होती. वैशाली, तिथली कॉम्प्युटर बघणारी एकुलती एक. "या ताई," म्हणाली आणि पेटीचा एक कान न सांगता धरला.

सेंटरच्या स्टोरेजमध्ये गेल्या कित्येक वर्षांचे सीटी आणि एमआरआय होते. गाठ वाढली की कमी झाली, हे जुना स्कॅन शेजारी ठेवल्याशिवाय डॉक्टरला सांगता येत नाही. "सोमवारी नऊला पेशंट येतात," वैशाली म्हणाली. "डॉक्टर सर म्हणाले, काही कमी-जास्त झालं तर बाहेरून येणाऱ्या बाईंना नाही, तुला विचारीन."

सर्व्हर रूम म्हणजे रिसेप्शनमागची कोठी. दार उघडलं आणि मी जागीच थांबले. यंत्राला वाळलेल्या झेंडूची माळ होती. प्रत्येक डिस्कच्या तोंडावर हळदीकुंकवाचं ओलं बोट लावलेलं, आता वाळून घट्ट झालेलं, त्यात अक्षताही चिकटलेल्या. बोट नेमकं कुठे लावलं होतं, तर दिव्यावर. डिस्कला डोळे-नाक नसतं, एक छोटा दिवा असतो. लावणाऱ्याला तेच कपाळ वाटलं असणार.

तो दिवा हिरवा असेल तर डिस्क ठीक. केशरी झाला तर मेली.

मी ओल्या कापडाने एकेक बोट पुसत गेले. हिरवा, हिरवा, हिरवा. तळातल्या ओळीत एक केशरी निघाला.

वैशालीने माझ्या हातातलं कापड घेऊन तो पुन्हा पुसला. केशरीच.

एक डिस्क गेली तरी असं कपाट चालतं, बाकीच्या मिळून तिची उणीव भरून काढतात. या कपाटात दुसरी गेली की मात्र सगळं जातं. आमच्या कंपनीच्या पासवर्डने मी यंत्रातल्या नोंदी उघडल्या; ही डिस्क दिवाळीच्या सुमारास मेली होती. म्हणजे तेव्हापासून हे सेंटर एका दोरीवर चाललं होतं, आणि तशातच मी अपडेट सुरू केलं असतं तर ती दोरीही तुटू शकली असती.

"बॅकअप?"

"गेल्या वर्षीचा. बॅकअपसाठी नवीन डिस्क मागितली, तर सर म्हणाले, चालतंय ना?"

"आणि तू पडद्यावर यंत्राचं पॅनल उघडून बघत नव्हतीस?"

"आधीच्या माणसाने पासवर्ड दिलाच नाही, ताई. मी रोज सकाळी येऊन दिवे बघायचे. तेवढंच माझ्या हातात होतं."

"मग हे पुसलं का नाहीस?"

तिने पेटी माझ्याजवळ सरकवली. मी मेलेली डिस्क काढली, पेटीतली नवी बसवली. यंत्र बाकीच्या डिस्कांवरून तिच्यात माहिती भरायला लागलं. याला संध्याकाळ होणार होती, आणि तोवर कुठलीही जुनी डिस्क दमली तर खेळ खलास. तिला तिथेच स्टूल दिलं. मग ती बोलली.

"गेल्या वर्षी पुसलं होतं. दसऱ्याला आधीच सांगितलं पण होतं, की दिव्यांना काही लावू नका. आम्ही बौद्ध. तर रिसेप्शनवर चर्चा झाली, हिला आमची पूजा खटकते. आठवडाभर कोणी माझ्याशी बोललं नाही. डबा खायला बसले की बाकी सगळ्यांचं जेवण झालेलं असायचं." ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "मला पूजेचं काही नव्हतं हो. मला दिवा दिसत नव्हता. या वर्षी मी गप्प बसले."

तिच्या डब्यात मेथीची भाजी आणि चपात्या होत्या, त्यातलं निम्मं तिने माझ्या पुढ्यात ठेवलं. आम्ही दोघी कोठीच्या दारात बसून जेवलो, नजर पट्टीवर. मध्येच दुसऱ्या एका डिस्कने वाचताना अडखळायला सुरुवात केली. पडद्यावर पिवळी सूचना आली. तेव्हा वैशालीने माझा हात धरला आणि मग ओशाळून सोडला. मी म्हटलं, "धर की. मला तरी दुसरं काय करता येतंय?" अशा वेळी खरंच काही करता येत नाही. हात लावायचा नाही आणि उठून जायचं नाही. डिस्क दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा चालली.

उन्हं कलली तेव्हा पट्टी भरली. तळातला दिवा हिरवा झाला. मग अडखळणारी ती जुनी डिस्कही बदलायला घेतली, ती जिवंत असल्याने तिची थेट नक्कल लवकर झाली, आणि रात्री नवा कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर. वैशालीने बॅकअपनंतरचा एक स्कॅन उघडून पाहिला. कोणाच्या तरी फुप्फुसाचा, स्वच्छ. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि ओढणीने चेहरा पुसला.

आम्ही आवरतच होतो तेवढ्यात डॉक्टर आले, सोबत त्यांच्या पत्नी. सेंटरचा कारभार त्याच बघतात. सगळे त्यांना वहिनी म्हणतात.

"झालं का सगळं ओके?" डॉक्टरांनी विचारलं.

काय झालं असतं, ते मी सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. मग मी वहिनींकडे वळले. "मीही घरी दसऱ्याला मिक्सरला हळदकुंकू लावते. पण इथे लावायचं तर कपाटाच्या कडेला लावा. दिव्यांना काही लागता कामा नये."

"अहो हो, बरोबर आहे," वहिनी लगेच म्हणाल्या. "लक्षातच आलं नाही बघा. आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

वैशाली केबल गुंडाळत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "हिने."

वहिनींनी पदर सारखा केला. "तिचं सांगणं वेगळं होतं हो."

"काय वेगळं होतं?"

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "चहा मागवू का?" मी नको म्हटलं. त्यांच्यासमोरच पासवर्ड बदलून वैशालीच्या हाती दिला. यापुढे डिस्क मेली की वैशालीच्या फोनवर आणि डॉक्टरांच्याही फोनवर एकाच वेळी संदेश जाईल, अशी व्यवस्था केली. यंत्रापुरतं माझं काम संपलं.

वैशाली मला रिक्षापर्यंत सोडायला आली. मला वाटलं, आभार मानेल. पेटी आत सरकवून ती म्हणाली, "तुम्ही नसतं बोललं तरी चाललं असतं, ताई."

"खोटं का ऐकून घ्यायचं?"

"तुम्ही जाल. मला उद्या इथेच यायचंय."

रिक्षावाल्याने मीटर टाकला. उत्तरं मला वाटेत, कल्याण येईपर्यंत सुचत राहिली.

कल्याणला डेपोजवळ राहिले. सकाळी स्टँडवर चहा घेतला, वडापाव बांधून घेतला आणि नाशिकची गाडी धरली. पेटी आता हलकी होती. या वेळी डिकीचा प्रश्न निघाला नाही, गाडी निम्मी रिकामी होती. खिडकीतून भिवंडीची गोदामं, मग शहापूरकडची कापून झालेली भाताची खाचरं, मग घाट. इतकी वर्षं हा रस्ता करतेय, कुठल्याही गावात माझ्या ओळखीचं कोणी नाही. मी बरोबर काम केलं की माझी आठवण राहत नाही, आणि मला ते बरं वाटतं. त्या कोठीत मात्र मी एक वाक्य बोलून आले, दिव्यांना काही लावू नका. माझ्या तोंडून तो सल्ला ठरला. तिच्या तोंडून गेल्या वर्षी तोच अपमान ठरला होता. मी ते वाक्य तिच्या नावावर करायला गेले. ते बरोबरच होतं, आजही तसंच म्हणेन. पण त्यानंतर मी रिक्षात बसले, आणि ती आत गेली.

इगतपुरीला फोन वाजला. वैशालीचा संदेश होता, "पहिला पेशंट झाला. जुने स्कॅन उघडले. सगळे दिवे हिरवे."

मी लिहिलं, "छान. आणि बाकी लोक?"

दोन निळ्या खुणा आल्या. ती लिहितेय असं दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं. नाशिकला उतरेपर्यंत मी फोन हातात धरून बसले होते. उत्तर आलं नाही.