तिसऱ्या रांगेतला माणूस

नागपूरच्या गणित परिषदेला मी गेलो तो ड्रॉइंगच्या सरांचा कोट घालून. माझ्याकडे कोट नव्हता, आणि आमच्या चिखलीच्या शाळेत माझ्या जवळपासच्या मापाचे तेच एक गृहस्थ होते. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर राहत. हात खाली सोडून बसलं तर खपून जाई, पण फळ्यावर लिहायला हात उचलला की बाही पार कोपराकडे पळे. थोडक्यात, कोट ऐकायला जाण्यासाठी उत्तम होता, बोलायला जाण्यासाठी नव्हता. आणि मला पाठवलं होतं बोलायला.

बोलायचं ते माझं नव्हतं. आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. मॅट्रिकपर्यंत मला त्यांनीच शिकवलं, आणि बी. एस्सी. होऊन परत आल्यावर मी त्यांच्याच हाताखाली मास्तर झालो. सर मूळ धामणगाव बढ्याकडचे, शेतकऱ्याघरचे. कुठल्याशा रद्दीत त्यांना गटांच्या गणितावरचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं होतं, शेवटची पानं फाटलेलं. त्या पानांवर काय असेल ते आपणच काढून पाहू, म्हणून ते बसले ते आठ वर्षं बसले.

गट म्हणजे काय, हे ते घरी, त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, पाटावर दाखवत. चौरस पाट उचलायचा आणि परत त्याच जागी ठेवायचा. फिरवून ठेवा, पालथा करून ठेवा, सगळ्या मिळून तऱ्हा आठ. आधी फिरवून मग पालथा केला तर एक निघते, आधी पालथा करून मग फिरवला तर दुसरीच. या आठ जणांचं आपसात जे वागणं, तो गट. मग सर विचारत, "आठ जनांचे असे एकमेकांपासून खरंच येगळे गट किती?" आणि आपणच सांगत, "पाच. अन् पंधरा जनांचा? एकच! काऊन बे?" तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून येत. "पालथा पाट घरात चांगला नसते म्हनून किती डाव सांगू? द्या इकडे, जेवाले बसाचं हाय लोकाइले."

काही जातीच्या विषम संख्या घेतल्या, तर त्यांचे वेगळे गट किती होतात, याचा एक नियम सरांनी काढला होता. बुलढाणा जिल्ह्यात तो नियम कळणारा सरांशिवाय एकच माणूस होता, आणि त्यालाही तो अर्धाच कळत होता. तो मी. सरांना त्यातून बढती नको होती की मानपत्र नको होतं. ज्याला पूर्ण कळतं अशा एका तरी माणसानं ते ऐकावं आणि चुकलं असेल तर सांगावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आठ वर्षांत तेवढं घडलं नव्हतं.

परिषदेनं निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं, तेव्हा सरांचा दमा जोरात होता. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नसे, मोटारी कोळशाच्या धुरावर चालत. मलकापूरच्या स्टेशनापर्यंत तो धूर खात जाणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून मी. आठ दिवस शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्यांनी माझी तालीम घेतली. स्वतः तिसऱ्या बाकावर बसत, हातात घड्याळ.

"दहा मिनिटं भेटतात. अकरावं मिनिट दुसऱ्याचं असते. अन् एक ध्यानात ठेव. वाचल्यावर कोनी काही विचारलं नाही, त वाचलाच नाही असं समजाचं."

नागपूरला सभागृह भरलेलं होतं. मद्रासकडचे, बंगालकडचे, लाहोरकडचे प्रोफेसर. सगळ्यांचे कोट त्यांच्या-त्यांच्याच मापाचे. माझ्या आधी एका तरुणानं निबंध वाचला. तो संपताच पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी अगदी मऊ आवाजात एकच प्रश्न विचारला, आणि त्या तरुणाच्या हातातला खडू खाली पडला. शोधायला तो वाकला तो बराच वेळ वाकूनच राहिला. मला त्याची जागा दिसली आणि माझी बाही दिसली.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. वेळ फार झाली होती. त्यांनी सरांचं नाव पुकारलं, "चिखली, वऱ्हाड" असंही वाचलं, आणि विचारलं, "लेखक हजर आहेत का?"

मी अर्धा उठलो होतो. शपथेवर सांगतो, अर्धा उठलो होतो.

"नसतील तर निबंध वाचला असे समजण्यात यावे," अध्यक्ष म्हणाले. परिषदांमध्ये ही एक सोय असते. माणूस आला नाही किंवा वेळ उरला नाही, की निबंध वाचल्याचं धरून पुढे जातात. छापील ग्रंथात मग त्याचं फक्त शीर्षक येतं.

मी अर्धा उठलेला होतो तो परत बसलो. अध्यक्षांनी लेखक हजर आहेत का असं विचारलं होतं, आणि लेखक तर चिखलीला खोकत होते. तेव्हा माझ्याकडून काही खोटं झालेलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "आपण कोणाबरोबर?" मी म्हणालो, "मी असाच. ऐकायला."

परतीच्या वाटेवर मलकापूर येईपर्यंत मी खरं सांगायचं ठरवलं होतं. मोटार घाट चढून बुलढाण्याला येईपर्यंतही ठरलेलंच होतं. चिखलीला उतरलो तर सर मोटारीच्या अड्ड्यावर उभे. दमेकरी माणूस, गळ्याला मफलर, दोन तासांपासून उभे असल्याचं पानवाल्यानं सांगितलं.

"वाचला?"

"हाव, सर."

"किती येळ?" त्यांनी चालू लागत विचारलं.

"दहा मिनिटं. बरोबर दहा."

"मंग? विचारलं का कोनी काही?"

नाही म्हटलं असतं तर सरांच्याच हिशेबानं निबंध वाचलाच नाही असं ठरलं असतं. मी म्हणालो, "विचारलं एकानं."

"कोनं?"

"नाव नाही माहीत. तिसऱ्या रांगेत होता." तालमीला सर तिसऱ्या बाकावर बसत, म्हणून तोंडात तेच आलं असावं.

"अबे, पन काय विचारलं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. अड्ड्यासमोर सरकीची एक गाडी उभी होती, बैलजोडी जुवाखाली रवंथ करत होती. दोन बैल. "त्यानं विचारलं, विषमचं समजलं, संख्या सम असली तर?"

सर चालायचे थांबले. मला वाटलं, पकडलो गेलो.

"मी आठ वर्षांत हे मलेच काऊन नाही विचारलं?" ते म्हणाले. मी आणलेल्या संत्र्यांच्या पिशवीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते सम संख्यांच्या मागे लागले. तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी भरू लागल्या. ज्यांचं अर्ध केलं की विषम येते, अशा संख्या त्यांनी आधी धरल्या. बाकीच्यांबद्दल म्हणाले, "चारनं भाग गेला का हरळी. एक उपटली का दहा निंगतात." मी रोज संध्याकाळी आकडेमोड ताडून पाहायला जाई. आणि रोज तिसऱ्या रांगेतल्या त्या माणसाचा विषय निघे.

"विचारताना हसून राह्यला होता का तो?"

"नाही. गंभीर होता."

"वयानं?"

"पन्नाशीचा असंल. टक्कल होतं."

"मांगच्या हप्त्यात त पगडी म्हनला होता."

"पगडीखाली टक्कल, सर."

"अन् ते तुले दिसलं?"

"घाम पुसायला काढली होती."

असा तो माणूस माझ्या हातून वाढत गेला. त्याला चष्मा आला, बारीक खोकला आला. सर त्याच्याबद्दल आपुलकीनं बोलू लागले. एखाद्या पायरीवर अडले तर म्हणत, "हे त्याच्यासमोर चालाचं नाही. तो लगेच विचारंल." काकूंनी एकदा पुरणाच्या दिवशी म्हटलं, "त्या तुमच्या पगडीवाल्याले बलावा एखाद्या डाव जेवाले." सगळं सांगून टाकायला ती संध्याकाळ चांगली होती. मी पोळी आणखी मागून घेतली.

कागदाची टंचाई होती, म्हणून परिषदेचा छापील ग्रंथ यायला वर्ष उलटून गेलं. खरं सांगायला त्या वर्षातला कोणताही दिवस मला पुरला असता. ग्रंथ आला तो शाळेत, सरांच्या नावानं, मधल्या सुट्टीत. शिपायानं तो मास्तरांच्या खोलीत आणून ठेवला. पानं दुमडलेलीच होती, कडा न कापलेल्या. सरांनी लाकडी फूटपट्टी घेतली आणि एकेक घडी फोडत निघाले. आपला निबंध कुठल्या पानावर असेल याची अनुक्रमणिका त्यांनी मुद्दाम पाहिली नाही. वाटेत भेटेल म्हणाले. ड्रॉइंगचे सर, इतिहासाचे सर, सगळे चहा हातात धरून भोवती उभे. मी खिडकीशी.

शेवटची घडी फुटली. शेवटच्या पानावर बारीक टायपात एक यादी होती: वाचले असे समजण्यात आलेले निबंध. पाचवी ओळ सरांची. शीर्षक, नाव, चिखली, वऱ्हाड. सरांनी त्या ओळीखालून बोट फिरवलं. मग ग्रंथ मिटला, फूटपट्टी जागेवर ठेवली. घंटा झाली आणि ते नववीच्या तासाला गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. न जाण्याची हिंमतही माझ्यात नव्हती. सर ओसरीवर बसले होते. त्या पाठकोऱ्या कागदांच्या शिवलेल्या सम संख्यांच्या वह्या, चार, सुतळीनं बांधून शेजारी ठेवलेल्या.

"सर..."

"हे घे. ज्यानं प्रश्न इचारला त्याले दे."

"सर, तसा कोणी माणूस..."

"कोन हाय तो, मले समजलं. त्याले म्हन, नीट वाच. चूक असंल त सांगाले ये. नसंल सापडत त येऊ नको."

मी वह्या घेऊन घरी आलो. त्या वाचायला मला दीड महिना लागला. एरवी मी सरांची आकडेमोड ताडत असे, म्हणजे ते सांगत तिथं मान हलवत असे. आता सांगणारं कोणी नव्हतं. तिसऱ्या वहीत मला एक जागा सापडली. एकच गट दोन निरनिराळ्या पोशाखांत येऊन दोनदा मोजला गेला होता. चार दिवस माझा विश्वास बसेना. मग गेलो. सर तेव्हा अंथरुणाला लागले होते, उशांना टेकून बसलेले. मी वही उघडून जागा दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हाव," म्हणाले. "दोनदा मोजला." मग वही मिटत, "कधी सापडली?"

"चार दिवस झाले."

"मंग चार दिवस काऊन नाही आला?"

दुरुस्त निबंध पुढच्या परिषदेला पाठवला. या खेपेला परिषद दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर होती. मला जा असं सर म्हणाले नाहीत. मीच म्हणालो, "पाठवत असाल तर जातो." ते भिंतीकडे पाहत राहिले. काकू म्हणाल्या, "जाऊ द्या त्याले."

"जाय," सर म्हणाले. "कोट सोताचा घालजो."

कोट शिवला. गेलो. नाव पुकारल्याबरोबर पूर्ण उठलो, आणि लेखक आजारी आहेत, त्यांच्या वतीनं मी वाचतो, असं सांगितलं. फळ्यावर लिहायला हात उचलला, पण बाही जागची हलली नाही. दहा मिनिटांत संपवलं. अध्यक्ष म्हणाले, "काही प्रश्न?" सभागृहात कोणी बोलेना. मग मागच्या बाजूनं एक सावळा, शिडशिडीत तरुण उठला आणि त्यानं एक प्रश्न विचारला. मला उत्तर येत नव्हतं. तसं मी कबूल केलं, आणि बैठक संपल्यावर त्याला गाठून कागदाची चिठ्ठी पुढे केली.

"आपला प्रश्न यावर लिहून द्या. स्वतःच्या हातानं. खाली सही आणि पत्ता."

"सही कशाला?" तो हसला. "प्रश्नच तर आहे."

"मी सांगितलं तर खरं धरणार नाहीत," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं आणि लिहून दिलं.

चिखलीला अड्ड्यावर या वेळी कोणी नव्हतं. मी थेट घरी गेलो. सरांची प्रकृती खूप खालावली होती. दोन वाक्यांत तीनदा थांबावं लागे. मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली. आधी सही पाहिली, मग पत्ता, मग शाई बोटानं चाचपली. मग प्रश्न वाचला. त्या तरुणानं विचारलं होतं की, तीस या संख्येची प्रत्यक्ष यादी करून नियम पडताळून पाहिला आहे काय, आणि असल्यास गट किती आले.

"तीस," सर म्हणाले. "तीसचे चार. ते त मी पयल्याच हप्त्यात केलं होतं."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. सरांनी चिठ्ठी उलटी करून मागं काही आहे का पाहिलं, आणि परत सुलटी केली.

"प्रश्न तुह्यावाल्याएवढा चांगला नाही बे," ते म्हणाले.

त्यांनी दम घेतला.

"पन इचारला ना त्यानं. पोस्टकार्ड घे. लिही, तीसचे चार. अन् चारही कोनते, ते लिही. मानूस वाट पाहत असंल."